स्वेटर घातलेलं झाड

मुलांनो, आज मी तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. तुमच्या चुका आम्ही शिक्षक वर्षभर लाल शाईने दाखवत असतो. आमच्या मात्र फारशा कुणी दाखवत नाही. ही चूक मला चौथीतल्या एका मुलाने दाखवली, आणि तीही एक शब्द न बोलता.

मी मूळची कोकणातली, गुहागरकडची. लहानपणी आमच्या घरामागे माड, विहिरीपाशी पोफळी, बांधावर ताड आणि वर डोंगराच्या कडेला भेरली माड. खराटा माडाच्या हिरांचा, केरसुणी शिंदीची, दोर काथ्याचा. पुढे डी.एड. झाल्यावर कळलं, की ही सगळी एकाच कुळातली झाडं, ताडाच्या कुळातली. खजूरही त्यातलाच. आणि गंमत म्हणजे वेतही त्यातलाच! म्हणजे जुन्या काळी गुरुजींच्या हातात जी छडी असायची, तीसुद्धा माडाची बहीणच. (आता छडी गेली. बरं झालं.)

तर अशी मी कोकणातली बाई, नोकरीला लागले ती सातारा जिल्ह्यात, घाटमाथ्यावरच्या एका छोट्या गावात. माडाबद्दल मला कुणी काही शिकवायला नको, असा माझा पक्का समज होता. चूक तिथेच झाली.

२०१८ सालच्या जानेवारीतली गोष्ट. चौथीच्या वर्गाला मी चित्र काढायला सांगितलं, विषय 'माझे बाबा'. कुणी बैलांमागे चालणारे बाबा काढले, कुणी मुंबईत टॅक्सी चालवणारे. वर्गात एक मुलगा होता, त्याचे वडील सैन्यात. सगळे त्याला 'फौजी' म्हणत, आपणही तेच म्हणू. त्याने काढलं होतं ते असं : मागे पांढरे डोंगर, खाली पांढरी जमीन, गणवेशातले बाबा, हातात चहाचा पेला. आणि बाबांच्या शेजारी त्यांच्या छातीइतकं उंच एक झाड, सरळ बुंध्याचं, डोक्यावर पानांचा झुबका असलेलं.

मी चटकन म्हटलं, हा तर माड! बर्फात माड? त्या दिवशी तपासायला अठरा कागद होते, शाळा सुटायची वेळ झाली होती. मी त्या झाडावर लाल पेनाने मोठी फुली मारली आणि खाली लिहिलं, 'बर्फात माड नसतो. विचार करून चित्र काढावे.' एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण मी तो कागद वर्गाला दाखवला आणि हसून म्हणाले, "बघा, फौजीने हिमालयात नारळ लावलेत!" वर्ग खो खो हसला. फौजी हसला नाही. तो काही बोललाही नाही. कागदाची घडी घालून त्याने ती दप्तरात टाकली.

डी.एड.ला आम्हांला शिकवलं होतं, की मुलाच्या चित्रात चूक शोधू नये, मूल काय सांगतंय ते शोधावं. परीक्षेत मी हे उत्तर लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते!

दोन दिवसांनी सकाळी फौजीची आई शाळेत आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, "बाई, रागावू नगा. पर ते झाड खरं हाय. ह्यांनी फोटू धाडलाय." तिने मोबाइल पुढे केला. फोटोत चित्रातलं सगळं होतं : बर्फ, डोंगर, चहाची टपरी, हातात पेला घेतलेले बाबा आणि शेजारी ते झाड. पानांवर बर्फाचा थर, पण पानं हिरवीगार.

"पोरगं दोन दिस धड जेवलं न्हाई," ती जाता जाता म्हणाली. तक्रार म्हणून नाही, नुसतंच.

मी फौजीला बोलावलं आणि चित्र पुन्हा मागितलं. या वेळी नीट पाहिलं. माडाचं पान कसं असतं ते तुम्हांला ठाऊक आहे. मधे लांब दांडा, दोन्ही बाजूंना पाती, पिसासारखं. फौजीने काढलेली पानं तशी नव्हतीच. ती गोल होती, हातपंख्यासारखी, ताडाच्या पानासारखी. पंख्याच्या कडा चिरत चिरत आत गेलेल्या. आणि बुंध्याला त्याने तपकिरी खडूने बारीक बारीक रेघा मारल्या होत्या, खरबरीत, केसाळ.

"हे काय आहे रे?" मी विचारलं.

"त्याने स्वेटर घातलाय," फौजी म्हणाला. "बाबा म्हणाले."

मी त्याच दिवशी वर्गासमोर सांगितलं, की चित्र बरोबर होतं, बाई चुकल्या. मुलं गप्प झाली. बाई चुकल्यावर काय करायचं असतं, ते त्यांना माहीत नव्हतं. मी लाल फुली खोडरबरने पुसायला लागले, तर फौजी हळूच म्हणाला, "बाई, लाल शाई पुसत नाही."

चौथीच्या पुस्तकात पत्रलेखन असतंच. आम्ही सगळ्यांनी मिळून फौजीच्या बाबांना पत्र लिहिलं. अठरा मुलांचे प्रश्न! ते झाड कोणतं? ते मरत कसं नाही? त्याला नारळ लागतात का? लागले तर ते बर्फाचे असतात का? (हा प्रश्न मी गाळणार होते. पण म्हटलं, आता काही गाळायचं नाही.) तीन आठवड्यांनी उत्तर आलं, निळ्या आंतरदेशीय पत्रावर, कडेकडेने, अगदी पत्ता लिहायच्या जागेपर्यंत लिहिलेलं.

बाबांचं ठाणं होतं उत्तराखंडमध्ये, पिथोरागडकडे. ठाण्याच्या वर, रस्त्याच्या वळणावर एक चहाची टपरी. टपरीवाल्याला सगळे जवान 'दाज्यू' म्हणत. कुमाऊंनी बोलीत दाज्यू म्हणजे दादा. ते झाड दाज्यूंनी लावलेलं. रोप एका म्हाताऱ्या माळ्याने दिलं होतं. पहिली दोन वर्षं ते गवतच वाटायचं, नुसती लांब लांब पाती. पंख्यासारखं पान आलं तेव्हा कुठे दाज्यूंची बायको म्हणाली, की बरं झालं मी हे उपटून टाकलं नाही.

पहिल्या हिवाळ्यात दाज्यूंनी रोपाची फार काळजी घेतली आणि त्या काळजीनेच ते मरायला टेकलं. थंडी लागू नये म्हणून त्यांनी रोपावर प्लॅस्टिकची पिशवी घालून तोंड घट्ट बांधलं. आत बाफ साचली, तिचं पाणी झालं, ते शेंड्यात उतरलं. फेब्रुवारीत पिशवी काढली तर मधला कोवळा कोंब काळा पडलेला. दाज्यूंनी हलकेच ओढला, तो सरळ हातात आला. खाली कुजका वास.

मुलांनो, ताडाच्या कुळातल्या झाडाचा कोंब हातात येणं म्हणजे काय, ते कोकणातल्या मुलांना सांगावं लागत नाही. आंब्याची फांदी तोडली, तर बाजूने दुसरी फुटते. माडाचं तसं नाही. त्याच्या डोक्यात वाढीचा एकच डोळा. सगळी पानं, सगळी फुलं तिथूनच येतात. गेंड्या भुंगा माडाच्या शेंड्यात शिरून तो कोवळा भाग कुरतडतो तेव्हा आमचे आजोबा रात्री कंदील घेऊन माडावर माणूस चढवायचे. कारण तो डोळा गेला की चाळीस फुटी माड नुसता खांब होतो. जखम भरून काढायलाही या झाडांना जमत नाही. आंब्याच्या सालीखाली जो वाढणारा थर असतो, तो यांच्याकडे नसतो. म्हणून थंडीशी यांचं भांडण हे त्या एका डोळ्याचं भांडण आहे. पानं करपली तर नवी येतील. डोळा गोठला की खेळ संपला.

दाज्यूंना कुणीतरी सांगितलं, की कुजकं पुसून काढ, भोक कोरडं ठेव, आणि वाट बघ. त्यांनी वाट बघितली. मार्च गेला, एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये त्या भोकातून एक पान वर आलं. वाकडं, अर्धंच, टोकाशी जळल्यासारखं. पण हिरवं.

पुढच्या हिवाळ्यापासून दाज्यू शहाणे झाले. दिवाळीनंतर ते झाडाच्या बुडाशी बांजच्या वाळक्या पानांचा जाड थर पसरत. बांज हा तिकडचा ओक. मग पानं हलक्या हाताने वर गोळा करून सुतळीने बांधत, आपल्याकडे केसांचा अंबाडा बांधतात तशी. त्यावर गोणपाट गुंडाळत. प्लॅस्टिक अजिबात नाही, गोणपाटातून हवा जाते. उन्हाचा दिवस असला की दुपारी गोणपाट सोडून ठेवत, संध्याकाळी पुन्हा बांधत. आणि बर्फ पडला की काठीने टिचक्या मारून पानांवरचा बर्फ पाडत. बर्फाच्या थंडीपेक्षा त्याचं वजन वाईट. आणि त्याहून वाईट म्हणजे दुपारी वितळून शेंड्यात उतरलेलं आणि रात्री पुन्हा गोठलेलं पाणी. तीन हिवाळे असे काढल्यावर झाड दणकट झालं. मग दाज्यूंनी गोणपाट बांधणं सोडून दिलं.

बाबांनी शेवटी लिहिलं होतं, 'नारळ लागत नाहीत. माळी म्हणतो की लहान निळसर काळी फळे लागतात, पण अजून वय झाले नाही. बाईंना सांगा, मलाही आधी खरे वाटले नव्हते.' हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

आता प्रश्न उरला, ते झाड मरत कसं नाही? याचं उत्तर शोधायला आम्ही गावातल्या किराणा दुकानाच्या फ्रीझरमध्ये घुसखोरी केली. दुकानदारकाका बर्फाच्या कांड्या विकतात, त्यांना जागेची अडचण. तरी मुलांनी गळ घातल्यावर एका रात्रीपुरती परवानगी मिळाली. आम्ही तीन वाट्या ठेवल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत भरपूर मीठ विरघळलेलं पाणी, तिसरीत साखरेचा दाट पाक. शेजारी अळूचं एक ताजं पान. सकाळी पाहिलं तर साधं पाणी दगड झालेलं, मिठाचं पाणी पाणीच राहिलेलं, पाकही नुसताच घट्टसर. अळूचं पान काढलं तेव्हा कडकडीत होतं. दहा मिनिटांत ते असं लोळागोळा होऊन काळपट पडलं, की एक मुलगी म्हणाली, "बाई, हे शिजलं!"

शिजलं नव्हतं, पण झालं जवळपास तसंच. पान म्हणजे पाण्याच्या लाखो इवल्या पिशव्या. त्यांना पेशी म्हणतात. आत बर्फ झाला की त्याचे टोकदार कण पिशव्या फाडतात. माडाच्या पानाचं बर्फात असंच होतं. माड हे समुद्रकाठच्या उबेचं झाड, पारा गोठणबिंदूच्या खाली गेला की ते हाय खातं. पण दाज्यूंच्या झाडाच्या भाईबंदांच्या पानांतलं पाणी शून्याच्या खाली कितीतरी अंश गेलं तरी गोठत नाही. त्यात विरघळलेले पदार्थ थोडी मदत करतात. शिवाय पाण्याची एक खोड आहे : त्याला बर्फ व्हायला सुरुवातीचा एक कण लागतो, तो मिळाला नाही तर ते खूप गार होऊनही पातळच राहतं. आणि तो मौल्यवान डोळा बुंध्याच्या टोकाशी पानांच्या देठांत, खरबरीत तंतूंच्या थरात खोल दडलेला असतो. म्हणजे फौजीचा स्वेटर! लहान रोपाला हा स्वेटर अजून विणून झालेला नसतो, म्हणून त्याला दाज्यूंचं गोणपाट लागतं.

या झाडाचं कूळ मी नंतर पुस्तकांतून शोधून काढलं. त्याचं शास्त्रीय नाव ट्रॅकिकार्पस. पिथोरागडच्या डोंगरांत, दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, तिथे त्याची एक जात रानात आपोआप उगवते. १९०५ साली ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं आणि तिथल्या थाकिल डोंगरावरून तिला 'टाकिल' नाव दिलं. हे बेक्कारी म्हणजे तेच, ज्यांनी १८७८ साली सुमात्रा बेटावर माणसाहून उंच फुलोरा येणारी वनस्पती शोधली. ती वनस्पती आपल्या सुरणाची जवळची नातेवाईक. टाकिल ताड मात्र आज रानात थोड्याच ठिकाणी उरला आहे. म्हणून रानातलं रोप उपटून आणायचं नाही, बी रुजवून वाढलेलं रोप घ्यायचं.

याच कुळातली दुसरी जात चीनमधली. आज जगभर थंड गावांतल्या बागांमधून जे ताड दिसतात, ते बहुतेक हिचे. तिची गोष्ट मोठी मजेची आहे. रॉबर्ट फॉर्च्यून नावाचा एक स्कॉटिश माळी होता. माळीच, पण असा की एका बागायती संस्थेने त्याला १८४३ साली नवी झाडं शोधायला थेट चीनला पाठवलं. तिथे चुसान नावाच्या बेटावर त्याला हे पंख्याच्या पानांचे ताड दिसले. चिनी शेतकरी त्याच्या तंतूंचे दोर वळत, ब्रश करत, आणि पावसात पांघरायला जाडजूड झगे करत. आपल्याकडे लावणीच्या वेळी इरलं घेतात ना, तसे. म्हणजे झाडाचा स्वेटर काढून माणसांनी रेनकोट केला! फॉर्च्यूनने पाहिलं, की इथे हिवाळा कडक असूनही हे झाड मजेत आहे. मग आपल्या इंग्लंडात का नाही?

१८४९ मध्ये त्याने पाठवलेली रोपं लंडनच्या क्यू उद्यानात पोचली. त्यांतलं एक राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्नच्या बागेत गेलं. तोवर युरोपातल्या थंड भागांत ताड म्हणजे काचघरात जपायची वस्तू. इटलीत पादुआच्या वनस्पती उद्यानात एक बुटका ताड आहे. तो १५८५ साली लावलेला, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या जन्माच्या पंचेचाळीस वर्षं आधी. त्याच्याभोवती आजही काचेचं घर आहे. चुसानच्या ताडाला काचघर लागलं नाही. तो उघड्यावर जगला, आणि त्याच्या नावात फॉर्च्यूनचं नाव जोडलं गेलं.

हाच फॉर्च्यून पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत चिनी माणसाचा वेष घेऊन चीनच्या आतल्या भागात शिरला आणि चहाची हजारो रोपं नि बिया चोरून भारतात पाठवल्या. शाळेच्या पुस्तकात अशा माणसाला 'धाडसी' म्हणतात, चिनी मुलांच्या पुस्तकात काय म्हणत असतील कोण जाणे! त्या चहाचा बराचसा भाग लावला गेला गढवाल आणि कुमाऊंच्या डोंगरांत. म्हणजे दाज्यूंच्याच मुलखात. तिकडच्या टपरीवर चहा पिताना बाबांच्या शेजारी जे झाड उभं होतं, त्याच्या चिनी भावाला नाव मिळालं ते चहा आणणाऱ्या माणसाचं. फौजीला मी हे सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं, "मग चहावाल्याच्या झाडालाही दाज्यूंचं नाव द्यायला पाहिजे ना?" मला उत्तर सुचलं नाही.

थंड देशांतले लोक आज हा ताड हौसेने लावतात. कॅनडात व्हँकूव्हर शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर तो उभा आहे, कधीकधी डोक्यावर बर्फ घेऊन. चांगला मुरलेला चुसान ताड उणे पंधरा अंशांच्या आसपासची थंडी थोडा वेळ सोसतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातला एक बुटका, सुयांसारख्या काट्यांचा ताड तर त्याहूनही काटक. पण सगळीकडची युक्ती थेट दाज्यूंचीच आहे. रोप वसंतात लावायचं, म्हणजे हिवाळ्याआधी मुळं धरतात. वाऱ्याच्या आडोशाला लावायचं, भिंतीपाशी असेल तर उत्तमच, भिंत दिवसा तापते आणि रात्री ऊब सोडते. बुडाशी पाणी साचू द्यायचं नाही. ओली थंडी कोरड्या थंडीपेक्षा घातक. आणि घाई करायची नाही. बी रुजायलाच दोन-तीन महिने लागतात, पुढे चांगल्या वर्षातही झाड जेमतेम फूटभर वाढतं.

एक गोष्ट मात्र मला कुठल्याही बागेच्या पुस्तकापेक्षा जास्त विचारात पाडून गेली. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला तिचीनो नावाचा तळ्यांचा प्रदेश आहे. तिथे हे ताड शोभेसाठी लावले. हिवाळे सौम्य होत गेले, पक्ष्यांनी फळं खाऊन बिया रानात टाकल्या, आणि आता तिथल्या जंगलात चिनी ताडांची दाटी झाली आहे. खाली सावली, स्थानिक रोपांना जागा नाही. ते उपटून काढायचं काम लोकांना करावं लागतं. १ सप्टेंबर २०२४ पासून तर त्या देशात हा ताड विकायला बंदी आहे. आपल्याकडे घाणेरी अशीच शोभेचं झुडूप म्हणून आली होती, आणि आज गावच्या डोंगरावर तिच्याशिवाय काही दिसत नाही. म्हणून मला विचाराल तर दाज्यूंचं झाड मला अधिक आवडतं. ते आपल्या घरातच आहे. त्याला थोडी मदत लागली एवढंच.

त्या वर्षी उन्हाळ्यात फौजीचे बाबा सुट्टीवर आले आणि शाळेत आले. मला वाटलं, आता बोलणार. पण ते मुलांसमोर मांडी घालून बसले आणि सुतळीचा तोडा घेऊन खराट्याच्या काड्यांवर पानं कशी बांधायची ते दाखवू लागले. गाठ सैल ठेवायची, का, तर आतल्या कोंबाला वर यायला वाट हवी. फौजी अगदी पुढे बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने दप्तरातून ती घडी घातलेली जुनी चित्राची घडी उलगडली आणि माझ्या टेबलावर ठेवली. झाडाभोवती त्याने तपकिरी खडूने गोणपाट काढलं होतं. माझी लाल फुली बरोबर त्या गोणपाटावर आली होती. तिच्या दोन्ही रेघा त्याने चारी टोकांना पुढे वाढवून बुंध्यामागे नेल्या होत्या, आणि जिथे त्या एकमेकींना छेदत होत्या तिथे एक छोटी गाठ काढली होती. सैल.

ते चित्र आजही शाळेच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. फौजी आता बारावीला आहे. बाबा निवृत्त झाले, पण दाज्यूंचा फोन येतो. २०२५ च्या उन्हाळ्यात त्या झाडाला पहिल्यांदा फुलोरा आला, पिवळाधमक. दाज्यूंनी पेढे वाटले म्हणे. फळांची वाट बघत बसले. श्रावण आला, दसरा आला, फळ काही धरेना. मग माळ्याच्या मुलाने येऊन पाहिलं आणि सांगितलं, की या झाडांत नर वेगळा आणि मादी वेगळी असते, आणि हा नर आहे. दाज्यू आता मादी रोपाच्या शोधात आहेत, आणि गोणपाट त्यांनी पुन्हा धुऊन ठेवलं आहे.